पहाडगंज : टांगे गेले, टापा राहिल्या

नवी दिल्ली स्टेशनच्या एक नंबर फलाटावरून बाहेर पडले की समोरच पहाडगंज लागते. मेन बाजारच्या तोंडाशी ई-रिक्षांची झुंबड, हॉटेलांचे दलाल, छोले-भटुऱ्यांचा वास आणि पाठीवर भलीमोठी पिशवी घेतलेले परदेशी पाहुणे. महाराष्ट्रातून दिल्लीला आलेल्या माणसाला हा भाग अगदीच परका वाटत नाही. आरामबागेत नूतन मराठी शाळा आहे आणि गणपतीच्या दिवसांत इथल्या गल्लीत मराठी बोलणे सहज कानावर पडते.

मोगलांच्या काळात दिल्लीच्या तटाबाहेर, अजमेरी दरवाज्यापलीकडे इथे धान्याची मोठी पेठ होती. धान्य आले म्हणजे ओझे आले आणि ओझ्याबरोबर बैल नि घोडेही आले. पुढे रेल्वे आली आणि टांगा आला. उतारूंना सदर बाजाराकडे किंवा जुन्या दिल्लीकडे नेणाऱ्या टांग्यांच्या टापांचा आवाज या भागात पिढ्यान्‌पिढ्या घुमला. 2010 साली, राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांच्या वर्षी, दिल्ली महापालिकेने टांगे बंद केले. वाहतुकीला अडथळा होतो, हे एक कारण होते. घोड्यांचे हाल होतात, असेही प्राणिमित्र सांगत होते. ते खोटे नव्हते. पण त्या हालांचे मूळ नेमके कुठे आहे, हे फारच थोड्यांनी वाकून पाहिले. ते घोड्याच्या पायाखाली होते.

घोड्याचे खूर म्हणजे आपल्या नखासारखाच पदार्थ. बाहेरच्या कडेला संवेदना नसते, म्हणून तर नालबंद तिच्यात खिळे ठोकू शकतो. आत मात्र हाड आहे, रक्तवाहिन्या आहेत आणि हाडाला खुराशी धरून ठेवणारे नाजूक पापुद्रे आहेत. तळव्याच्या मागच्या बाजूला रबरासारखा लवचीक त्रिकोणी भाग असतो. पाय टेकला की तो दबतो आणि धक्का सोसतो. ही रचना माती, गवत, वाळू यांच्यासाठी झालेली आहे. डांबरी रस्त्यावर लोखंडी नाल आपटला की धक्का जिरत नाही, तो सांध्यापर्यंत वर जातो. शिवाय गुळगुळीत रस्त्यावर नाल घसरतो. माथेरानच्या वाटांवर पेव्हर ब्लॉक बसवायला निघाले, तेव्हा तिथल्या घोडेवाल्यांनी याच भीतीने विरोध केला आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

खूर महिन्याला साधारण आठ-दहा मिलिमीटर वाढते. म्हणून दर सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढून खूर कापावे लागते. पण ज्याचे पोट रोजच्या कमाईवर आहे, तो नाल पुरता झिजेपर्यंत थांबतो. लांबलेल्या खुरावर पाय वाकडा पडू लागतो, भेगा पडतात, तळव्यात खडा रुतून आत पू होतो. सर्वांत वाईट दुखणे म्हणजे लॅमिनायटिस, आतल्या पापुद्र्यांची सूज. चंदी प्रमाणाबाहेर खाल्ल्याने ती येते, कठीण रस्त्यावर सतत दौडवल्यानेही येते. असा घोडा पुढचे पाय लांब टाकून भार मागे घेऊन उभा राहतो. खुराला हात लावला तर ते गरम लागते. मालकाला वाटते, जनावर अडून बसले, आणि तो चाबूक उगारतो. खरे तर तिथे तातडीने पशुवैद्याला बोलवायला हवे.

या दुखण्यावर अलीकडे बराच बोलबाला झालेला उपाय म्हणजे घोड्याचे बूट. कल्पना नवी नाही. रोमन लोक दुखऱ्या खुरावर लोखंडी चपला बांधत, जपानात घोड्यांना भाताच्या पेंढ्याच्या चपला घालत. 1970 च्या सुमारास अमेरिकेत आजच्या धर्तीचे बूट निघाले. जाड रबराचा किंवा प्लॅस्टिकसारख्या चिवट पदार्थाचा तळ, वर पट्टा आणि आत हवी तर मऊ गादी. गादीमुळे तळव्याचा भार विभागला जातो आणि लंगडणारे जनावर चार पावले सुखाने टाकते. नाल निघून पडला तरी खूर शाबूत राहते.

मात्र बूट घातला म्हणजे रोग बरा झाला, असे नव्हे. पू झाला असेल तर तो काढावाच लागतो, लॅमिनायटिसमध्ये औषध आणि विश्रांती लागतेच. माप खूर कापल्यावर घ्यायचे, लांबी आणि रुंदी दोन्ही. बूट सैल असेल तर फिरतो, घट्ट असेल तर टाचेला घासून जखम करतो. तो रोज काढून पाय धुऊन कोरडा करायचा, नाहीतर ओलाव्याने खूर मऊ पडते. आणि किंमत? परदेशी बुटांचा जोड दिल्लीतल्या साध्या घोडेवाल्याला परवडणारा नाही. तो कापसाची गादी, गोणपाट आणि वरून चिकटपट्टी यांवर वेळ मारून नेतो. पशुवैद्याने दाखवलेल्या पद्धतीने बांधले तर दोन-चार दिवसांसाठी हा उपाय वाईट नाही. खाली वाळू किंवा पेंढ्याचे जाड अंथरूण घातले तर ते फुकटातले औषधच.

टांगे गेले तरी दिल्लीतला घोडा गेला नाही. मालवाहू घोडागाड्या त्यानंतरही काही भागांत चालू राहिल्या. त्यांच्या बदल्यात बॅटरी रिक्षा देण्याचे प्रयत्न प्राणिमित्र संस्थांनी केले. आणि लग्नसराईत नवरदेवाची घोडी तर हवीच! हिवाळ्याच्या रात्री एकामागून एक वराती. घोडीच्या अंगावर जरीची झूल, कपाळावर मोत्यांच्या लडी, पुढे बँड. एका लग्नातून सुटली की डांबरावरून चालत ती दुसऱ्या लग्नाला. झुलीवर जेवढा खर्च होतो, त्याचा थोडा भाग तरी खुरांवर व्हायला काय हरकत आहे?

घोडी ठरवायला गेलेल्या घरच्या मंडळींनी सजावटीचे फोटो पाहून झाल्यावर तिला दहा पावले चालवून दाखवायला सांगावे. पाऊल टाकताना तिचे डोके वर उचलले जात असेल, तर पुढच्या पायात कळ आहे. चारही टापांचा आवाज सारखा येतो का, तेही ऐकावे. मग मालकाला विचारावे, नाल शेवटचा कधी बदलला? तारीख आठवत नसेल, तर दुसरी घोडी पाहावी.