राक्षसाचा प्राण

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या गांवच्या घरीं एका राक्षसाचा जन्म झाला. जनक आमचा नऊ वर्षांचा पुतण्या. साक्षीदार आमची बारा वर्षांची कन्या. दोघांनीं मिळून एक लांबलचक कथा चालविली होती. प्रत्येकानें एक पात्र निर्माण करावें, त्याच्या मुखानें आपणच बोलावें, आणि जें जें घडेल तें वहींत उतरवावें, असा तिचा शिरस्ता होता. कन्येची एक यक्षिणी होती. तिला पाण्याची भाषा समजत असे. पुतण्याच्या राक्षसाला शंभर हात होते आणि (घोडें पेंड खात होतें तें येथेंच) मरण मुळींच नव्हतें. यक्षिणीनें पूर आणला, तो त्यानें पिऊन टाकला; तिनें त्याला पाताळांत लोटलें, तो पाताळच डोक्यावर घेऊन वर आला. शेवटीं कन्येनें वही मिटली. "मग मी नाहीं खेळत!" तंटा आमच्या दरबारीं आला.

आम्ही पंचवीसांहून अधिक वर्षें कॉलेजांत इंग्रजी वाङ्मय शिकवीत आहों. तेव्हां राक्षसांविषयींचा आमचा अधिकार कोणी नाकारूं नये. आम्हीं विचारलें, "याचा प्राण कशांत आहे?"

"कशांतच नाहीं, मोठेकाका. तो मरतच नाहीं."

आम्हीं त्याला हिरण्यकशिपु सांगितला. नर नको, पशु नको, दिवस नको, रात्र नको, घरांत नको, बाहेर नको, अशी वकिली सावधगिरी ठेवूनहि उंबरठा आणि तिन्हीसांज राहिलीच. रावणानें देवदानवांपासून अभय मागितलें, पण माणसांना क्षुद्र समजून वगळलें. आजीच्या गोष्टींतला राक्षस तर आपला प्राण सात समुद्रांपलीकडे पिंजऱ्यांतील पोपटांत ठेवून निर्धास्त झोंपतो. हा राक्षसजातीचा मूर्खपणा, असें आम्ही लहानपणीं समजत असूं. आतां वाटतें कीं, ही कथा रचणाराची सभ्यता आहे. ती फट म्हणजे पुढच्या माणसाला आंत येण्यासाठीं ठेवलेलें दार होय. आमच्या तळकोकणांतील दशावतारांत संवाद लिहिलेले नसतात. आख्यान आणि सोंगें ठरतात, बाकीचें सारें एकमेकांच्या तोंडाकडे पाहून उभ्या उभ्या निर्माण होतें. समोरच्याला बोलूं न देणारा राजा तेथें कितीहि गर्जो, दशावतारी खेळ तेवढ्यानें उभा राहत नाहीं.

आमच्या पेशाला स्मरून दुसरें एक घर आठवतें. १८२६ सालीं यॉर्कशायरमधील हॉवर्थ गांवचे धर्मोपदेशक पॅट्रिक ब्राँटी यांनीं लीड्सहून मुलाकरितां बारा लाकडी शिपाई आणले. चौघां भावंडांनीं एकेक शिपाई उचलला, त्यांना नांवें दिलीं, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्यांचें राज्य वसविलें, आणि आपण स्वतः अरबी गोष्टींतल्यासारखे चार जिन होऊन त्यावर सत्ता चालविली. लढाईंत पडलेल्या शिपायाला पुन्हां जिवंत करण्याची शक्ति या जिनांपाशीं होती. त्यांच्या दोन वडील बहिणी आदल्याच वर्षीं क्षयानें वारल्या होत्या, हें ध्यानीं घेतलें म्हणजे ती शक्ति केवळ खेळांतली सवलत वाटत नाहीं. त्या राज्यांत शब्द चाले तो मुख्यतः शार्लट आणि ब्रॅनवेल या थोरल्यांचा. १८३१ सालीं शार्लट शाळेस गेली, आणि एमिली व ॲन या धाकट्यांनीं आपलें गोंडल नांवाचें बेट निराळें काढलें. पुढें १८४५ सालीं यॉर्कच्या प्रवासांत, सत्ताविशीला टेकलेली एमिली आणि पंचविशींतली ॲन, या दोघी वाटभर गोंडलचीं माणसें होऊन वावरत होत्या!

धाकट्यांचें हें वेगळें होणें आम्हीं वर्गांत अनेकदां रंगवून सांगितलें आहे. तें आमच्याच परसांत घडलें होतें, हें मात्र कधीं सांगितलें नाहीं. दशावतार पाहून आल्यावर आम्ही आणि आमचा धाकटा भाऊ असाच खेळ मांडीत असूं. आमचा वज्रबाहु सर्वांना जिंकी. भावानें एक काजवा निर्माण केला होता. त्याला युद्ध येत नसे, वाट चुकलेल्यांना तो घरीं पोंचवी, एवढेंच. एके संध्याकाळीं कांहीं कारण नसतां वज्रबाहूनें त्याला चिरडून टाकिलें. भाऊ रडला नाहीं. तो घरांत गेला, आणि पुन्हां आमच्याशीं खेळला नाहीं. पुढें आमच्यांत भांडण असें कधींच झालें नाहीं. जमिनीच्या वाटणीच्या वेळींहि, "दादा, तूं म्हणशील तसें," इतकेंच तो म्हणाला. त्या सौजन्याचें आम्हांस किती कौतुक वाटे!

पुतण्यानें बराच वेळ विचार केला, आणि राक्षसाचा प्राण विहिरींतल्या कासवाच्या पोटांत ठेवला. यक्षिणीला पाण्याची भाषा येते, हें आठवून तो आपणच हंसला. वही उघडली गेली. दारांत भाऊ उभा होता; केव्हांपासून, तें कळलें नाहीं.

"दादा," तो म्हणाला, "तुझ्या वज्रबाहूचा प्राण कशांत होता रे?"

आम्ही जरा थांबलों. "तूं म्हणशील त्यांत."

तो कांहीं बोलला नाहीं. मुलांजवळ खालीं बसला, आणि त्यानें ती वही आपल्याकडे ओढून घेतली.