दारावरचा माणूस

मामेभावाने बेळगावात मंगल कार्यालय काढले आणि दारावर माणसे नेमायचे काम माझ्या गळ्यात पडले. आडदांड गडी स्वस्तात उभे करायचे, एवढाच त्याचा हिशेब. मी मात्र २००५ चा कायदा पुढे ठेवला. रक्षक पुरवणाऱ्या एजन्सीला परवाना हवा, रक्षकाची पोलीस पडताळणी हवी. केंद्राच्या २००६ च्या नमुना नियमांत प्रशिक्षणच १६० तासांचे होते. माजी सैनिकांना त्यात सवलत. मराठा लाइट इन्फंट्रीच्या या गावात निवृत्त जवानांना काय तोटा?

आलेल्या प्रत्येकाला मी एकच विचारले, "खेड्यातून एखादी आजी आली, पत्रिका घरीच राहिली, तर?"

"सोडणार नाही," बहुतेक म्हणाले.

एक निवृत्त हवालदार म्हणाले, "आधी खुर्ची देईन, पाणी देईन. मग मुलीकडच्या की मुलाकडच्या, ते विचारीन. कन्नड असल्या तर 'बर्री अज्जी' म्हणेन."

त्यांचा पगार ऐकून भाऊ कुरकुरला. मी म्हटले, "अरे, आपल्याकडे निम्मे पाहुणे मराठी, निम्मे कन्नड. दारात अपमान झालेला माणूस जेवणाची चव सांगत नाही, अपमानच सांगतो. वाचवायचे तर फुलांत वाचव, दारात नको."