आठ डॉलरचा परदेश

पाळी सुटली की नाशिकरोडच्या प्रेसच्या फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा. झडती देऊन निघालेली ती माणसं घरीसुद्धा कामाबद्दल चकार शब्द काढत नसत. ही 1925 सालची इंडिया सिक्युरिटी प्रेस. टपाल तिकिटं आणि मुद्रांक तर इथले आहेतच, देशाचे पासपोर्टही इथेच छापतात. आणि अशा गावात माझ्या लहानपणी पासपोर्ट असलेलं घर शोधावं लागे!

आमच्या नात्यात पहिला पासपोर्ट निघाला आत्याचा. डॉक्टर होती ती, 1971 साली अमेरिकेला गेली. ती पुस्तिका मी कितीदा तरी हाताळली आहे. कृष्णधवल फोटो, त्याच्या कोपऱ्यावर अर्धवट चढलेला गोल शिक्का आणि कुणा कारकुनाच्या तिरप्या अक्षरात शाईने लिहिलेलं नाव. धाकट्या आतेभावाला वेगळा पासपोर्ट नव्हता, त्याचं नाव आईच्याच पुस्तिकेत मुलांच्या रकान्यात. दक्षिण आफ्रिकेला जायला मनाई, कारण तिथल्या वर्णद्वेषी सरकारशी भारताने संबंध तोडले होते. आणि मागच्या पानावर परकीय चलनाची नोंद : आठ डॉलर. तेवढ्यावर माणसं नव्या देशात उतरत. आत्या निघाली तेव्हा स्टेशनवर अख्खा वाडा लोटला होता. आजी तर कितीतरी दिवस जेवताना तिचं ताट मांडायची.

आत्या जाऊ शकली ती दोन्हीकडचे कायदे नुकतेच बदलले होते म्हणून. अमेरिकेत 1946 पासून भारतीयांसाठी वर्षाला अवघ्या शंभर जागा होत्या. 1965 च्या कायद्याने देशवार कोट्याची ती पद्धत मोडीत काढली आणि डॉक्टर-इंजिनिअरांना वाट मिळाली. इकडे पासपोर्ट देणं न देणं ही सरकारची मर्जी होती. सतवंतसिंग साहनी या व्यापाऱ्याला पासपोर्ट परत करायला सांगितलं, तेव्हा तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. एप्रिल 1967 मध्ये तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने निकाल लागला : परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. त्याच वर्षी पासपोर्ट कायदा आला. आपल्याकडे या खटल्याचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पुढे आखाताचे दिवस आले. मजुरांची फसवणूक रोखायला 1983 चा उत्प्रवासन कायदा झाला आणि पासपोर्टवर परदेशी कामाला जाण्याच्या परवानगीचा शिक्का मिळवण्यासाठी पोरांच्या खेपा सुरू झाल्या. चौकशीला हवालदार घरी यायचा, शेजारचे काका 'मुलगा चांगला आहे हो' म्हणून सही ठोकायचे.

आता मोबाइलवर वेळ घ्यायची, सेवा केंद्रात बोटांचे ठसे द्यायचे. पुस्तिका टपालाने घरी येते. तान्ह्या बाळाचाही स्वतंत्र पासपोर्ट निघतो. नव्या ई-पासपोर्टात चिप असते, मुखपृष्ठावरच्या छोट्या सोनेरी चिन्हावरून तो ओळखू येतो. परदेशातून इथे येणाऱ्यांसाठीचे 1920, 1939, 1946 आणि 2000 चे चार कायदेही गेले. त्यांच्या जागी 2025 चा एकच कायदा आला.

निरोपाला लोटणारा तो वाडा मला आजही हवा आहे. पण साहेबाच्या मर्जीवर अडून बसलेलं कुणाचं आयुष्य मात्र नको. त्या बाबतीत आजचा काळ निःसंशय चांगला.

एकच विनंती. कोपरा कापून 'रद्द' शिक्का मारलेले जुने पासपोर्ट घरोघरी कपाटात पडून आहेत. साफसफाईत ते रद्दीत टाकू नका. मुलांना दाखवा, त्यातला एकेक शिक्का समजावून सांगा.