मधल्या दिवसांची पाळी

कामाच्या आठवड्यात मधले दिवस सर्वांत जड जातात. सुट्टीनंतरचा पहिला दिवस ताजेपणावर निभतो, शेवटचा दिवस पुढच्या सुट्टीच्या ओढीवर. मधल्या दिवसांना यांपैकी एकही आधार नसतो. अँड्रिया बोनेझी आणि सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून याचे कारण दिसते. सुरुवातीला माणूस झालेले काम मोजतो, अखेरीस उरलेले. मध्यावर दोन्ही मापे दूरची वाटतात आणि हात सैल पडतो.

बालाघाट जिल्ह्यातल्या मलाजखंडला हा मध्य अधिक जाणवावा, असेच तिथले काम आहे. हिंदुस्थान कॉपर लिमिटेडच्या इथल्या खाणीतल्या दगडात तांबे असते शेकडा सुमारे एक. म्हणजे शंभर टन दगड फोडावा, वाहावा, दळावा, तेव्हा जेमतेम टनभर तांब्याची आशा. दळलेल्या दगडातून फेसाच्या साहाय्याने तांब्याचे खनिज वेगळे काढतात. त्याची काळसर भुकटी पुढे बाहेर जाते आणि तिथे वितळवली जाते. डंपर चालवणाऱ्याच्या नजरेला वर्षानुवर्षे दगडच पडतो, लखलखते तांबे नाही. केलेल्या कामाचे फळ डोळ्यांना न दिसणे हे थकव्याहून अधिक खचवते.

शिवाय पाळीच्या कामात सगळ्यांचा बुधवार एक नसतो. ज्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, त्याचा मध्य रविवार-सोमवारी येतो. वसाहतीतली मुले घरी असतात तेव्हाच बाप रातपाळी करून झोपलेला असतो. तरीही सुट्टी ठरलेली आहे, ही मोठी गोष्ट आहे. मुंबईच्या गिरण्यांत ती नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून कामगारांना संघटित करून ती मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. खाणींसाठी १९५२च्या खाण कायद्याने ठरवून दिले की कोणालाही आठवड्यात सहा दिवसांपेक्षा जास्त काम देता येणार नाही. आठवड्याला शेवट मिळाला, म्हणून तर त्याला मध्य आहे.

माणसाच्या नोकरीत या मध्याचे रूप बदलत जाते. नव्याने लागलेल्या तरुणाला तो फारसा टोचत नाही. यंत्राचा आवाज ओळखणे, सुरुंगाच्या वेळा पाळणे, घाटरस्त्यावर भरलेला डंपर सांभाळणे, यांत दिवस भरून जातो. चाळिशीच्या आसपास तो खरा भिडतो. काम हाताला पाठ झालेले, मुलांची शिक्षणे, गावाकडचे आईवडील आणि निवृत्ती अजून लांब: आठवड्याच्या मध्यात नोकरीचा मध्यही मिसळतो. खाणीत हा केवळ मनाचा प्रश्न राहत नाही, कारण पाठ झालेल्या हातांकडूनच सावधपणा सुटण्याची भीती असते. मलाजखंडला उघड्या खाणीखाली आता भूमिगत खाण उभी राहते आहे. तिथली हवा, छताची निगा, यंत्रे सारेच वेगळे. जुन्या जाणत्यालाही पुन्हा शिकाऊ व्हावे लागते. हे कष्टाचे असले तरी मध्यावरचे उत्तम औषध आहे. निवृत्तीच्या जवळ आलेल्यांना पुढच्यांना घडवण्यात गोडी सापडते.

टेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रॅमर यांनी २३८ नोकरदारांच्या रोजच्या सुमारे १२,००० नोंदी तपासल्या. कामाच्या दिवशी मन सर्वाधिक उभारी धरते ते अर्थपूर्ण कामात थोडी का होईना, पण पुढे सरकल्याच्या जाणिवेने, असे त्यांना आढळले. बक्षिसे आणि भाषणे यांच्यापेक्षा हे स्वस्त आहे आणि खरे आहे. म्हणून पाळी संपताना पर्यवेक्षकांनी एवढे नक्की करावे: आज किती दगड निघाला, त्यात अंदाजे किती तांबे होते, हे प्रत्येक टोळीला तिच्याच भाषेत सांगावे. मधल्या दिवशी तर न चुकता सांगावे.