गावापासून किती किलोमीटर?

‘नोकरी सोडून शेतावर राहायला जातोय’ असं ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये जाहीर केलं की अर्धे लोक म्हणतात, ‘सॉलिड यार!’ उरलेले विचारतात, ‘नेट येतं का तिथे?’ मला हे दुसरे जास्त आवडतात. किती लांब जायचं, हाच तर खरा प्रश्न असतो!

आमचं भिवापूर ठरलेलं होतं. नागपूरपासून उमरेड रस्त्याने साधारण सत्तर किलोमीटर, मिरचीचं गाव. नवऱ्याच्या घरची जमीन तिथे दोन तुकड्यांत आहे (नशीबच, शेतकरी नसलेल्याला आपल्याकडे शेतजमीन घेताना कायदा आडवा येतो). दीड एकर गावाला लागून आणि चार एकर आठ किलोमीटर आत, उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या बाजूला.

नवऱ्याचा जीव अर्थातच चार एकरांत. विहीर, मोहाची झाडं, रात्री आभाळभर तारे! मीही तिथे दोन रात्री राहून पार विरघळले.

पण सोबत मामाजी येणार होते. वय बाहत्तर, हृदयात दोन स्टेन्ट. म्हणून ऑगस्टमध्ये, भर पावसात, मी घड्याळ लावलं. आतल्या शेतातून गावातल्या सरकारी दवाखान्यापर्यंत पंचावन्न मिनिटं. त्यातली चाळीस नुसत्या पांदणीत! काळी माती बाइकच्या चाकात अशी बसते की गाडी ढकलावी लागते. गावालगतच्या तुकड्यापासून सहा मिनिटं.

दुसरा मुद्दा रानडुकरांचा. पीक राखायचं तर रात्रभर जागल हवी. लगतची शेतं असली की शेजारी पाळ्या लावतात. एकट्या शेतात पाळी रोज तुमचीच. शिवाय शेतीच्या फीडरवर वीज ठरावीक तास, तीही काही दिवस रात्रीची. दिवसा निंदण, रात्री डुकरं आणि मोटार... स्वावलंबन म्हणतात ते हे असेल, तर झोपायचं कधी?

आपल्या विदर्भातच याची दोन टोकं आहेत. १९७३ साली प्रकाश आमटे हेमलकशाला गेले तेव्हा पावसाळ्यात त्या भागाचा जगाशी संपर्क तुटायचा. पण त्यांचं काम ज्यांच्यासाठी होतं ती माणसंच तिथे होती, त्यांना दुसरीकडे जाऊन चाललं नसतं. गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्यापासून जेमतेम आठ किलोमीटरवरच्या शेगावात राहायला गेले. पत्रं दुसऱ्याच शेगावला जायला लागली, म्हणून १९४० मध्ये नाव बदलून सेवाग्राम केलं. व्हाइसरॉयशी बोलायला बसवलेला फोन आश्रमात आजही पाहायला मिळतो. साधं राहायचं म्हणून संपर्क तोडलाच पाहिजे असं त्यांनाही वाटलं नव्हतं बहुतेक.

नवरा म्हणाला, ‘बाबांना तिथे शांतता मिळेल.’ मामाजींनी ऐकलं आणि म्हणाले, ‘मले वाघाचं भेव नाही वाटत रे. दिवसभर माणूस दिसला नाही, तं मंग भेव वाटते.’

घर गावालगत बांधलं. धान आणि तूर आतल्या शेतात शेजाऱ्यांसोबत ठेक्या-बटईने, भाजीपाला अन् मिरची घराशेजारी. पीठ, मीठ, गोळ्या सायकलच्या अंतरावर. सीझनला मामाजी मिरचीच्या सातऱ्यावर जाऊन बसतात, देठं खुडणाऱ्या बायांकडून अख्ख्या तालुक्याच्या बातम्या घेऊन येतात. नवरा अजून रुसलेला आहे. शनिवारी रात्री खाट आणि बॅटरी घेऊन एकटाच आत जातो... आणि रविवारी चहाच्या वेळेला बरोबर हजर होतो.