बट्ट्याचा हिशेब

नाशिकच्या मनुष्यास चलनाचे अप्रूप वाटू नये, असा आमचा समज होता. आमच्या नाशिक रोडला १९२८ पासून नोटा छापल्या जात आहेत. गोदावरीच्या काठचा आमचा सराफ बाजार पिढ्यान्‌पिढ्यांचा. अशा गावात राहून, उभी हयात महाविद्यालयात अध्यापन करून, आम्ही एका अदृश्य नाण्याच्या नादी लागलो आणि हिशेबात चुकलो. ती कथा सांगावयाची म्हणजे आपलेच हसे करून घेणे होय. परंतु वाचकांपैकी काहींच्या घरी हेच नाणे साठत असेल, म्हणून सांगतो.

तीन वर्षांपूर्वी आमच्या कन्येचा विवाह येथील एका मोठ्या हॉटेलात झाला. मंगल कार्यालयात केला असता, तर उरलेले लाडू घरी आले असते. हॉटेलात केल्यामुळे पॉइंट आले. बिल चुकते करताना तेथील तरुण कारकुनाने मोठ्या अदबीने सांगितले की, आमच्या खाती एक्कावन्न हजार पॉइंट जमा झाले असून ते हॉटेलात राहून खर्चता येतील, अथवा विमान कंपनीचे मैल करून त्यांवर प्रवासही करता येईल. लग्नानंतर कन्या सिंगापुरास गेली. तेव्हा लग्नात मिळालेल्या या पॉइंटांवर तिच्या आईने तिच्या घरी जावे, ही कल्पना आम्हांस फारच सुंदर वाटली.

हे शास्त्र तसे नवे. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ च्या मे महिन्यात नेहमीच्या उतारूंस मैल जमा करून देण्याची योजना काढली. १९८३ साली हॉलिडे इन आणि मॅरियट या हॉटेलवाल्यांनी तोच कित्ता गिरविला. पुढे दोघांची सोयरीक जमली. आपण पॉइंट देऊन मैल मागितले की, हॉटेल ते मैल विमान कंपनीकडून पैसे मोजून घेते आणि आपल्या खाती टाकते. म्हणजे विमान कंपनी केवळ आसनेच विकते असे नव्हे. ती आपले चलनही विकते. या व्यापाराची किंमत २०२० साली जगास कळली. विमाने जमिनीवर उभी राहिली, तेव्हा युनायटेड कंपनीने आपली मैलांची योजना तारण ठेवून ६८० कोटी डॉलर उभे केले. ज्या मैलांस आपण बक्षीस समजतो, त्यांस सावकार मालमत्ता समजतो!

बदलाचा भाव मात्र पाहण्यासारखा. आमच्या हॉटेलाच्या तीन पॉइंटांस एक मैल मिळे. साठ हजार पॉइंट एकरकमी दिल्यास वीस हजारांवर आणखी पाच हजार मैल वरकड. हे वाचताच आम्हांस चांदवडची आठवण झाली. आमच्या जिल्ह्यातल्या त्या गावी पूर्वी टांकसाळ होती आणि तिचा चांदोरी रुपया दूरवर चाले. त्या काळी प्रांतोप्रांतीचे रुपये निराळे. एकाचा दुसरा करावयाचा तर सराफ बट्टा कापून घेई. १८३५ साली कंपनी सरकारने सर्वत्र एकच रुपया चालू केला आणि पुढे हळूहळू तो बट्टा मागे पडला. तो असा हॉटेलाच्या दारातून पुन्हा आत येईल, हे कोणास वाटले असेल? भेद इतकाच की, सराफापुढे चांदी असे. ती कसास लावता येई, तागडीत घालता येई, आणि बट्टा सोसून पहिला रुपया परतही घेता येई. येथे मैल झाले ते झाले. त्यांचे पुन्हा पॉइंट होत नाहीत. शिवाय तिकिटास किती मैल लागावेत, हे तिकीट विकणाराच ठरविणार. टांकसाळही त्याची आणि बाजारही त्याचाच.

एक्कावन्न हजारांचे सतरा हजार मैल झाले असते, आणि मुंबईहून सिंगापूरचे एका वाटेचे तिकीट तेव्हा तेवढ्यांत बसत होते. कन्येस दिवस गेल्याचे कळले, तेव्हा आमची मंडळी म्हणाली, "अहो, कार्तिकातच जाते मी. आहेत तेवढे पॉइंट देऊन टाका, परतीचे तिकीट विकत घ्या." आम्ही तिला बट्ट्याचे गणित समजावून सांगितले. नऊ हजार पॉइंट आणखी मिळविले की वरकड पाच हजार मैल पदरी पडतात. ते सोडणे म्हणजे अव्यवहार! तिने सर्व ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "बाळ थांबेल का तोवर?" प्रसूतीस अवकाश होता. आम्ही हसलो.

त्या नऊ हजारांसाठी आम्ही काय केले नाही? पुण्यास परीक्षेच्या कामासाठी गेलो असता बंधूंचे घर सोडून त्याच साखळीच्या हॉटेलात उतरलो. वहिनींस ते लागले. त्यांनी तसे बोलून दाखविले नाही, पण पुढे दिवाळीचा फराळ आला त्यात चिरोटे नव्हते. अखेर साठ हजार भरले. आम्ही विजयी मुद्रेने मैल मागितले. ते विमान कंपनीच्या खात्यात पडण्यास आठवडा लागला. आणि पडले तेव्हा असे दिसले की, मधल्या काळात त्या कंपनीने तिकिटाचा मैलांतला भाव वाढविला असून, आम्हांस हव्या त्या पंधरवड्यात मैलांवर द्यावयाचे एकही आसन शिल्लक नाही. रोख पैशांवर आसने होती. आम्ही म्हटले, रोज पाहत राहू, एखादे सुटेल.

आसन सुटले नाही. नात तीन आठवडे आधीच आली.

जावयांचा फोन पहाटे आला. कन्या सुखरूप होती. परंतु जवळ घरचे मोठे माणूस कोणी नव्हते. त्याच दिवशी आम्ही रोख तिकीट काढण्यास बसलो. पहिले मिळाले ते नवव्या दिवसाचे, तेही जवळजवळ दुप्पट दामाने. पाचव्या दिवशी सटवाईची पूजा शेजारच्या एका तमिळ गृहिणीने मांडली. पाटा-वरवंटा नव्हता, तेव्हा तिने आपला दगडी खल आणून ठेवला. आमची मंडळी येथून फोनवर एकेक गोष्ट सांगत होती आणि ती बाई तसतसे करीत होती. आम्ही दाराशी उभे होतो. मंडळीने आमच्याकडे एकदाही पाहिले नाही. रागावून नव्हे, तिचे सारे लक्ष तिकडे होते. तथापि त्या अर्ध्या तासाइतका दीर्घ तास आम्ही पस्तीस वर्षांच्या अध्यापनात घेतलेला नाही.

अर्थशास्त्राचे आमचे एक सहकारी सांगतात की, लोकांनी न खर्चलेले पॉइंट व मैल हा या योजनांचा मोठाच लाभ होय. जो साठवितो आणि थांबतो, तो त्यांचा आवडता गिऱ्हाईक. आमच्या पिढीस काटकसर हा सद्‌गुण म्हणून शिकविला गेला, आणि तो आहेही. परंतु आमच्या वडिलांनी साठविले ते धान्य, सोने, रुपये. ज्याचे मोल दुसऱ्याच्या लहरीवर सर्वस्वी अवलंबून आहे, ते साठविण्यात काटकसर नसून केवळ तिचा भास आहे. असले नाणे हाती पडताच गरजेस लावावे, बट्टा सोसून लावावे. आम्ही पाच हजार मैलांचा बट्टा वाचविला. तो आमच्या घरात भलत्याच खात्यातून वळता झाला.

मंडळी बारशाच्या आदल्या दिवशी तेथे पोहोचली आणि तीन महिने राहून आली. ते पंचवीस हजार मैल अजून खात्यात आहेत. येत्या उन्हाळ्यात नातीस पाहावयास दोघांनी जावे असे ठरले. खाते उघडून पाहिले, तर एका तिकिटास सुमारे चार हजार मैल कमी पडतात. ते कसे भरून काढावेत, याचा एक मार्ग आम्हांस तत्काळ सुचलाही. मग दोन्ही तिकिटे रोख घेतली.