सात घरांचं माळेगाव

पहाटे पाचला कारखान्याचा भोंगा झाला तेव्हा मी ऊसतोड मजुरांच्या कोप्यांच्या वस्तीवर पोचले होते. मार्चचा दुसरा आठवडा, पट्टा पडायला, म्हणजे हंगाम संपायला, थोडे दिवस उरलेले. रस्त्याच्या कडेला उसाच्या ट्रॉल्या एकामागे एक उभ्या होत्या, ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपलेले. मळीचा गोडसर, आंबूस वास माळेगाव बुद्रुकच्या हवेत हंगामभर असतो. आम्हा गावकऱ्यांना तो येईनासा होतो. बाहेरून आलेल्याला आधी तोच येतो.

बाय तयार होऊन बसली होती. नऊ वर्षांची पोर. घरचे तिला बाय म्हणतात, म्हणून मीही इथे तेच लिहिते. तिच्या आईने केसांना तेल चोपडून दोन घट्ट वेण्या घातल्या होत्या. पायात भावाच्या चपला होत्या, अर्धं बोट मोठ्या.

आई-वडील दोघं मिळून एक कोयता. बीड जिल्ह्यातून, पाटोद्याच्या बाजूने दर दिवाळीला येतात, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडत मार्च-एप्रिलपर्यंत फडात राबतात आणि परत जातात. बायला वर्षाच्या आत गोवर झाला, त्या तापात डोळ्यांत फूल पडलं. उजेड-अंधार तेवढा कळतो. आपल्याकडे गोवराची लस आणि अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस बाळाला नवव्या महिन्यात देतात. बाय नवव्या महिन्यात कुठे होती, असं मी आईला विचारलं होतं. ती म्हणाली, ‘फडात, बाई. उसाच्या सरीत झोळी बांधलेली.’ गावाकडच्या यादीत नाव होतं तेव्हा पोर इथे होती, आणि इथल्या यादीत ती कधी चढलीच नाही.

मी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. निवृत्तीनंतर या कोप्यांवर जात असते, शाळेत न गेलेली मुलं हुडकायला. तिथेच एका दुपारी बाय दिसली. समोर उसाच्या वाढ्यांचा ढीग. ती एकेक वाढं बोटांनी चाचपून लांब एकीकडे, आखूड एकीकडे करत होती. मग दोन वाढी पिळून त्यांचाच बंद करायचा आणि पेंढी आवळायची. गाठ अशी बसत होती की मी ओढून पाहिली तरी सुटेना. शेजारी तिच्यापेक्षा मोठी, डोळस मुलं होती. त्यांच्या पेंढ्या बैलापुढे टाकायच्या आधीच विस्कटत. मी तिथेच उकिडवी बसून राहिले. या पोरीच्या बोटांना वाचता येतं, फक्त त्यांच्यापुढे अजून कुणी अक्षर ठेवलेलं नाही, एवढंच माझ्या मनात येत होतं.

त्यानंतरचे दोन महिने कागदांत गेले. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी एका कार्यालयात तीन खेपा झाल्या. तिन्ही वेळा एकच उत्तर मिळालं, तुमचा मूळ जिल्हा दुसरा. दिव्यांग मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे, असं २०१६ चा कायदा सांगतो. पण सहा महिने इथे आणि सहा महिने तिथे राहणाऱ्या मुलाची ‘जवळची’ शाळा कोणती? हा प्रश्न मला रात्री झोपू देत नाही. शेवटी ठरवलं की कागद होतील तेव्हा होतील, आधी पोरीला आणि तिच्या आईला शाळा तरी दाखवून आणू. वडील आले नाहीत. एक दिवस दोघांचा खाडा परवडणारा नव्हता.

बारामतीच्या स्टँडवर मोरगाव-सासवडमार्गे स्वारगेटला जाणारी एसटी मिळाली. बायकांना अर्धं तिकीट, बाय बारा वर्षांच्या आतली म्हणून तिलाही अर्धंच. दाखला हातात असता तर तिला आणखी सवलत मिळाली असती. कंडक्टरने तिच्याकडे पाहिलं आणि काही न बोलता आम्हाला पुढची जागा करून दिली.

खिडकी बायने घेतली. गाडी सुटल्यापासून ती बोलतच होती. गाडी पुलावर आली की तिला आवाजावरून कळायचं, ‘खाली पाणी हाय.’ तिला पाटाची चांगली ओळख. नीरा डावा कालवा १८८० च्या दशकात झाला. त्याआधी दुष्काळात हा मुलूख करपून जायचा. कालव्याने ऊस आला, उसाने कारखाने आले आणि कारखान्यांबरोबर कोयते आले. आमच्या गावाची सुबत्ता त्या पाण्याची आहे, तशीच बायच्या आईच्या हातांचीही आहे. त्यांच्या मुलांचं देणं आमच्याकडे लागतं, असं मी मानते.

मोरगावच्या अलीकडे बाय एकदम गप्प झाली. मग म्हणाली, ‘ऊस सरला.’ मी बाहेर पाहिलं. खरोखरच बागायत मागे पडली होती. दोन्ही बाजूंना माळ, बाभळी, कोरडी कऱ्हा. वाऱ्याची ओल गेलेली तिला खिडकीत कळली होती. या रस्त्याने मी शंभर वेळा तरी गेले असेन, पण बागायत नेमकी कुठे संपते ते मला सांगता आलं नसतं. जेजुरीला गाडी थांबली. भंडाऱ्याच्या पुड्या विकणारा दाराशी आला तेव्हा ती हसून म्हणाली, ‘हळद.’ आईने खिडकीतूनच गडाकडे हात जोडले आणि पोरीचेही हात धरून जोडायला लावले. पुढे दिवे घाटात तिने वळणं मोजली. अंग डावीकडे गेलं की एक बोट दुमडायचं, उजवीकडे गेलं की दुसरं. दोन्ही हातांची बोटं संपल्यावर तिने आईची घेतली.

स्वारगेटच्या गलबल्यात मात्र ती घाबरली. माझा पदर आणि आईचा हात असं दोन्हीकडून धरून चालली. तिथून आळंदीची पीएमपी.

आळंदीत इंद्रायणीच्या घाटावर जरा टेकलो, भाकरी खाल्ली. या गावाशी अंधांचं एक जुनं नातं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या माधानचे गुलाबराव महाराज, जन्म १८८१. नवव्या महिन्यात त्यांची दृष्टी गेली. नववा महिना! पुढे हा माणूस स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या म्हणवून घेऊ लागला. जेमतेम चौतीस वर्षांचं आयुष्य, त्यात शंभराहून अधिक ग्रंथ रचले. इतरांकडून वाचून घ्यायचं, एकदा ऐकलेलं मनात ठेवायचं, स्वतःचं सांगून लिहवून घ्यायचं. लोक त्यांना प्रज्ञाचक्षु म्हणतात. मला त्यांच्याविषयी अपार आदर आहे. पण अंध मुलाचं शिक्षण म्हटलं की आपण असं अलौकिक उदाहरण देतो आणि मोकळे होतो, हे मला खटकतं. बायला ग्रंथ रचायचे नाहीत. तिला स्वतःचं नाव वाचायचं आहे आणि हिशेबाच्या वहीत उचल किती फिटली ते बघायचं आहे. त्यासाठी चमत्कार नको, शाळा हवी.

महाराष्ट्रात अशी शाळा पहिल्यांदा दुष्काळातच उभी राहिली. संवत छप्पन्नच्या दुष्काळात अनाथ झालेली, दृष्टी गेलेली मुलं मुंबईत आली होती. अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० मध्ये त्यांच्यासाठी शाळा काढली. तीच पुढे दादरची अंधशाळा. दोन वर्षांनी मुंबईतच व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा सुरू झाली. त्यामागे डॉ. नीलकंठराय छत्रपती होते, जे स्वतः अंध होते. पुण्याची अंधशाळा १९३४ ची. आम्ही चाललो होतो ती आळंदीची जागृती शाळा, अंध मुलींची, निवासी. ती चालवते नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंडची महाराष्ट्र शाखा, म्हणजे अंधांचीच संघटना. बायच्या आईला मी हे वाटेत सांगितलं तेव्हा तिचा विश्वासच बसेना. ‘आंधळी माणसं शाळा चालवत्यात?’ असं तिने दोनदा विचारलं.

शाळेत आधी कानावर आला तो आवाज. टक टक टक, पत्र्यावर बारीक पाऊस पडावा तसा. वर्गातल्या मुली लिहीत होत्या. एका मुलीशेजारी बायला बसवलं. त्या मुलीने आधी बायचा हात हातात घेतला, बोटं चाचपली आणि म्हणाली, ‘तुझी बोटं खरखरीत आहेत गं. गरम पाण्यात बुडवत जा.’ मग ब्रेलची पाटी तिच्या हातात दिली. दोन पट्ट्या, मध्ये जाड कागद. वरच्या पट्टीला चौकोनी खिडक्या, खालच्या पट्टीत प्रत्येक खिडकीखाली सहा खळगे. एका खिडकीत एक अक्षर. मुली खिडकीला घर म्हणत होत्या. स्टायलसने दाबलं की कागदाच्या मागच्या बाजूला ठिपका उमटतो, म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे आणि कागद उलटून वाचायचं डावीकडून उजवीकडे. म्हणजे लिहिणाऱ्याच्या मनात प्रत्येक अक्षर आरशातल्यासारखं उलटं असावं लागतं. मी एक ओळ लिहून पाहिली. सगळी चुकली.

‘तुझं गाव कोणतं?’ त्या मुलीने विचारलं. बाय क्षणभर थांबली. पाटोद्याकडचं गाव सांगावं की इथलं, असं झालं असेल. मग म्हणाली, ‘माळेगाव.’

टक टक टक. कागद उलटला गेला. बायचं बोट पहिल्या घरावर ठेवून ती मुलगी सांगू लागली. म, वरचे दोन आणि डावीकडे खाली एक. पुढच्या घरात काना. मग ळ, उजवीकडचे तिन्ही उभे. मग मात्रा, ग, पुन्हा काना, व. सात घरं. ब्रेलमध्ये काना, मात्रा, वेलांटी ही सगळी स्वतंत्र अक्षरासारखी, अक्षराच्या नंतर येतात. तीस वर्षं पहिलीची मुलं मला विचारत आली, ‘बाई, विहीर म्हणताना व आधी येतो, मग पहिली वेलांटी आधी का काढायची?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. १९५१ मध्ये ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये तो प्रश्नच येत नाही. जसं उच्चारतो तसं लिहायचं. देशातल्या सगळ्या प्रमुख भाषांना तीच ठिपक्यांची अक्षरं.

बायचं बोट तिसऱ्या घरावरून हलेना. ‘ह्ये उसावानी हाय,’ ती म्हणाली. ‘उभं.’ नंतर तिने दुसऱ्या घरातले ठिपके शोधत पुढची घरं चाचपली आणि दोन्ही काने एकसारखे आहेत हे कुणी न सांगता सांगितलं. दहा मिनिटंही झाली नव्हती.

आईचे प्रश्न वेगळे होते. वेणी कोण घालणार? पोर रात्री उठली तर पाणी कोण देईल? शाळेतल्या बाईंनी उत्तर दिलं नाही, एका मोठ्या मुलीला बोलावलं. तिने बायचा हात धरून खाटेपासून पाण्यापर्यंत नेलं, परत आणलं आणि म्हणाली, ‘आता तू मला ने.’ बायने नेलं. एका दाराच्या चौकटीला खांदा लागला, पण नेलं. आई भिंतीला टेकून बघत होती. पदर तोंडाशी धरलेला.

मला तेव्हा युगांडाचा ओजोक सायमन आठवला. नऊ वर्षांचा असताना बंडखोर सैनिकांच्या मारहाणीनंतर त्याची दृष्टी गेली. लहानपणी मधाची पोळी हुडकत हिंडायचा, तेच हाताचं आणि कानाचं ज्ञान पुढे कामी आलं. हाइव्ह युगांडा नावाची संस्था काढून तो अंध आणि अधू दृष्टीच्या लोकांना मधमाशापालन शिकवतो. त्याचं स्वतःचं प्रशिक्षण आपल्या केरळात झालं, तिरुवनंतपुरमच्या कंथारीत. ती संस्था साब्रिये टेनबर्केन आणि पॉल क्रोनेनबर्ग यांची. साब्रिये स्वतः अंध, आणि त्याआधी १९९८ मध्ये या दोघांनी ल्हासात अंध मुलांची शाळा काढली होती. जर्मनीतली बाई तिबेटात शाळा काढते, आफ्रिकेतला माणूस केरळात शिकून आपल्या गावी परततो. मग पाटोदा ते माळेगाव ते आळंदी हे अंतर आपल्याला पार करता येऊ नये?

परतीच्या गाडीत अंधार झाला होता. बायच्या मांडीवर तो कागद. घाट चढताना आईने हळूच आपलं बोट त्यावर फिरवलं. डोळे मिटून पुन्हा फिरवलं. ‘मला तर समदं रवाळच लागतंय,’ ती म्हणाली. तिलाही लिहिता-वाचता येत नाही. बायने आईचं बोट धरून पहिल्या घरावर ठेवलं. ‘ह्यो म.’

निर्णय त्या दिवशी झाला नाही. ‘त्यांना इचारते,’ एवढंच ती म्हणाली. पुढच्या आठवड्यात पट्टा पडला, कोप्या मोडल्या, ट्रकमध्ये भांडी, शेळ्या, पोरं चढली आणि वस्तीच्या जागी चुलींचे काळे डाग राहिले. दाखल्याचे कागद मी आईजवळ दिले. आता मूळ जिल्ह्यातच खेप घालायची होती.

मेच्या सुरुवातीला फोन आला. आधी वडील बोलले. दाखल्यासाठी तालुक्याला जाऊन आले होते, पुढची तारीख मिळाली होती. जूनला शाळा किती तारखेला उघडते ते त्यांना हवं होतं. मग मागून ओढाताण झाली आणि बायचा आवाज आला.

‘बाई, कागद वाकळंत गुंडाळून ठिवला हुता आईनं. दाबून माळेगाव बसलं. फकस्त ळ लागतोय.’

‘नवा लिहून आणते,’ मी म्हणाले.

‘नगं. पाटीच आणा.’